ऋण काढून ईद नको

शाबान महिना संपत आला की किराणा दुकानातल्या याद्या लांबू लागतात. एरवी दोन किलो लागणारे बेसन चार किलो होते, तेल वाढते, साखर वाढते, शेवया, खजूर, मैदा, सरबताच्या बाटल्या अशी नवी भर पडते. मालेगाव असो, मिरज असो, भिवंडी असो की पुण्याचा कोंढवा, मुस्लिम वस्तीतल्या दुकानदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याने मालच त्या बेताने भरलेला असतो. ज्या महिन्यात घरातली मोठी माणसे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत, त्याच महिन्यात अनेक घरांचा खाण्यापिण्यावरचा खर्च वर्षातला सर्वांत मोठा असतो. दुपारचे जेवण बंद, दिवसाचा चहा बंद, पान-तंबाखू बंद. तरीही वाणसामानाचे बिल चढलेलेच.

मराठीत जुनी म्हण आहे, ऋण काढून सण करू नये. उर्दू बोलणाऱ्या घरांत हीच गोष्ट चादर पाहून पाय पसरावेत अशी सांगतात. दोन्हीकडे म्हण पाठ असते आणि दोन्हीकडे सणाच्या तोंडावर ती विसरली जाते. दिवाळीला जे होते तेच ईदला होते. फरक इतकाच की ईदच्या आधी अख्खा एक महिना असा येतो, ज्याचा हेतूच गरजा कमी करण्याची सवय लावणे हा आहे. त्या महिन्याच्या अखेरीस घर कर्जात जात असेल, तर हिशेब एकदा नीट मांडून पाहायला हवा. या खर्चातला धर्माने सांगितलेला किती आणि लोकांनी लावून घेतलेला किती?

सुरुवात इफ्तारपासून करावी, कारण ईदच्या खरेदीसारखा हा खर्च डोळ्यांत भरत नाही. तो रोज थोडा थोडा जातो. प्रेषित मुहम्मद (स.) खजूर खाऊन, आणि खजूर नसेल तर पाण्याच्या घोटाने रोजा सोडत, हे रमजानच्या बयानात दरवर्षी सांगितले जाते. प्रत्यक्ष दस्तरखानावर भजी, समोसे, कबाब, दहीवडे, चणे, फळांची चाट, दोन प्रकारची सरबते आणि वर बाजारातून आणलेले काहीतरी असते. पाच माणसांच्या घरात यावर नेहमीच्या जेवणाखेरीज रोज २०० रुपये जादा जातात असे धरले, तरी ३० दिवसांचे ६,००० रुपये होतात. दोनशे रुपये कोणाला खटकत नाहीत. सहा हजार एकरकमी द्यायचे म्हटले तर रिक्षाचालकाचे, यंत्रमाग कामगाराचे, घरी शिवणकाम करणाऱ्या बाईचे घर हादरून जाईल. त्यातही गोष्ट अशी की दिवसभराच्या रोजानंतर दोन-तीन खजूर, पाणी आणि वाटीभर फळे यांतच पोट निम्मे भरते. तळलेले उरते, सहरीला ते कोणाला खावेसे वाटत नाही आणि सकाळी त्याची वाट लागते.

फळांचेही तसेच. कलिंगड, पपई, केळी, मोसंबी यांची मागणी या महिन्यात एकदम वाढते आणि तीही संध्याकाळच्या एक-दीड तासात. मगरिबच्या अजानला अर्धा तास उरलेला असताना गाडीवर घासाघीस करायला कोणाकडे वेळ नसतो. विक्रेता सांगेल तो भाव द्यावा लागतो. तेच फळ सकाळी मंडईतून आणले तर स्वस्त पडते. चार-पाच शेजारणींनी मिळून घाऊक बाजारातून एक क्रेट आणून वाटून घेतला तर आणखी स्वस्त पडते. खजूर, खारीक, बदाम, चारोळी यांचेही गणित हेच आहे. मुंबईत मशीद बंदर भागात सुकामेव्याचा घाऊक बाजार आहे, इतर शहरांतही असे ठोक विक्रेते असतात. शीरखुर्म्याला प्रत्येक घराला सगळे जिन्नस थोडे थोडेच लागतात, पण पाव पाव किलोच्या पुड्यांनी आणले की तेच महाग होतात.

घरखर्च वाढला की बोट बहुधा बायकांकडे दाखवले जाते. त्यांच्या बांगड्या, त्यांचे ड्रेस, त्यांचा सुकामेवा. पण तरावीहच्या नमाजनंतर मित्रांबरोबर बाहेर पडून मध्यरात्रीपर्यंत खाण्यावर उडवलेले पैसे कोणत्याच यादीत येत नाहीत. वर्षातून एकदा मुलाबाळांना घेऊन मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत मालपुवा खायला जाणे हा सणाचाच भाग आहे आणि त्यावर कोणी पैशाचा हिशेब लावू नये. मात्र आठवड्यातून चार रात्री हेच होत असेल तर घरातल्या बाईने भजीतले तेल वाचवून फारसे काही साधणार नाही. रमजानचा हिशेब लिहायचा तर तो घरातल्या सगळ्यांचा लिहायला हवा, कमावत्या मुलाचा आणि घरच्या कर्त्याचाही.

आता धर्माने सांगितलेला खर्च पाहू. ईद-उल-फित्रशी जोडलेला आवश्यक खर्च म्हणजे सदका-ए-फित्र, ज्याला बोलीत फितरा म्हणतात. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत ईदच्या नमाजपूर्वी गरिबाच्या हाती पडली पाहिजे. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत. त्यांच्याकडे गव्हाचा हिशेब माणशी पावणेदोन ते दोन किलोच्या घरात धरतात. कोकणातले मुसलमान प्रामुख्याने शाफई. त्यांच्याकडे नेहमीच्या खाण्यातले धान्य, म्हणजे बहुधा तांदूळ, माणशी अडीच किलोच्या आसपास धरतात. हनफी हिशेबाने पाच जणांच्या घराचे मिळून नऊ-दहा किलो गहू झाले. गहू ३५ रुपये किलो धरला तर ही रक्कम साडेतीनशे रुपयांपर्यंत जाते. ज्याची ऐपत नाही त्याच्यावर फितराही बंधनकारक नाही. उलट तो घेण्याचा हक्कदार आहे.

दुसरी जकात. ती ईदची नाही, संपत्तीची आहे. साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने, किंवा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी, किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक ज्याच्याकडे आहे आणि त्यावर एक चांद्रवर्ष उलटले आहे, त्याने अडीच टक्के द्यायचे. एक लाखावर २,५०० रुपये. देणे असलेले कर्ज वजा करून हा हिशेब होतो, असे हनफी फिकह सांगते. म्हणजे धर्माने जो खर्च अंगावर टाकला आहे तो ऐपत पाहून टाकला आहे.

बाकीचे काय? ईदच्या सकाळी आंघोळ करावी, सुगंध लावावा, नमाजला जाण्यापूर्वी काही गोड खावे, असलेल्या कपड्यांतले चांगले कपडे घालावेत. असलेल्या कपड्यांतले, हे शब्द महत्त्वाचे. घरातल्या प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत सगळे नवेच हवे, मुलांना दोन-दोन जोड हवेत, पडदे आणि सोफ्याची कव्हरे बदललीच पाहिजेत, असे कोठेही लिहिलेले नाही. नवे कपडे घेऊ नयेत असा याचा अर्थ नव्हे. लहान मुलाला ईदचा नवा शर्ट मिळालाच पाहिजे. त्याच्यासाठी ईद म्हणजेच तो शर्ट. पण पवित्र कुरआनातील सूरह आराफ खाण्यापिण्याची आणि नमाजला नीटनेटके होऊन जाण्याची मुभा देतानाच उधळपट्टीला मनाई करते. मुभा आणि मनाई एकाच ठिकाणी यावीत यात पुष्कळ शहाणपण आहे.

खर्च खरा फुगतो तो चालीरीतींनी. रोजाकुशाई हे त्याचे ताजे उदाहरण. मुलाने किंवा मुलीने पहिला रोजा ठेवला की आजी गळ्यात हार घालायची, आईबाप गोडधोड करायचे, शेजारी दुवा द्यायचे. आता काही घरांत त्यासाठी हॉल घेतला जातो, फलक लागतो, दोनशे माणसांची जेवणे उठतात. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या एका दिवसाच्या उपवासाला लग्नाचा थाट येतो आणि मग ज्याच्याकडे हॉलची ऐपत नाही, त्याच्या मुलाचा रोजा उगाच फिका पडतो. इफ्तार पार्ट्यांचेही तेच. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला रोजेदाराइतकाच सवाब मिळतो, असे हदीस सांगते. तो सवाब प्रवाशाला, मजुराला, वसतिगृहात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला खजूर आणि पाणी देण्यातही आहे. ज्यांच्या घरी फ्रीज भरलेला आहे अशा पन्नास जणांना एकमेकांकडे आळीपाळीने जेवू घालण्यात महिनाभर जो पैसा फिरतो, तो गरजवंताच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

आणि सर्वांत जड आहे ती मुलीची पहिली ईद. मराठी वाचकांना दिवाळसण माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला बोलवायचे, मानपान करायचा आणि त्यासाठी मुलीच्या बापाने कुठून तरी पैसे उभे करायचे. मुस्लिम घरांत ही जागा पहिल्या ईदेने घेतली आहे. साखरपुडा झालेला असला तरी ईदीचे ताट जाते. लग्न झालेले असेल तर सासरच्या प्रत्येकाचे कपडे, मिठाई, सुकामेव्याची परात, जावयाला घड्याळ किंवा मोबाइल. काही ठिकाणी मुलाकडूनही मुलीला असेच ताट येते आणि मग त्याच्या तोडीस तोड परत पाठवावे लागते. मागत कोणीच नाही. "आम्हाला काही नको, पण लोक काय म्हणतील" एवढे वाक्य पुरते. परातीत काय आले हे मोहल्ल्यात सांगितले जाते आणि कमी आले असेल तर ते सुनेला वर्षभर ऐकावे लागते. बाप कर्ज काढतो ते हौसेने नाही. आपल्या मुलीला सासरी मान खाली घालावी लागू नये म्हणून काढतो. या परातीला शरीअतमध्ये कोणताही आधार नाही. ती बंद करण्याची ताकद बापाच्या हातात फारशी नाही, मुलाच्या घरच्यांच्या हातात आहे. त्यांनी ईदच्या महिनाभर आधी फोन करून "शीरखुर्मा प्यायला या, हात हलवत या" असे स्पष्ट सांगितले, तर एका घराचे पंचवीस-तीस हजारांचे कर्ज एका फोनने टळू शकते.

कोकणातल्या रत्नागिरी, रायगडच्या गावांत या ओझ्याला आणखी एक पदर आहे. घरातला मुलगा आखातात असतो. ईदला तिकडून पैसे येणार हे गृहीत धरून इकडे याद्या तयार होतात, आणि तिकडे तो खोलीतल्या सोबत्याकडून उसने घेऊन पैसे पाठवतो. परदेशातल्या पगारातून ईदी पाठवायला त्याची ना नसते, पण त्याला किती झेपेल हे आधी विचारायची पद्धत घरोघरी पडायला हवी.

हे पैसे उभे कसे राहतात? काही ठिकाणी सोने गहाण पडते. काही ठिकाणी खासगी सावकार असतो. तो महिन्याला दहा टक्क्यांनी देत असेल, तर १०,००० रुपयांवर दरमहा १,००० रुपये केवळ व्याज. पुढची ईद येईपर्यंत १२,००० रुपये व्याजापोटी जातात आणि मूळ दहा हजार तसेच उभे राहतात. क्रेडिट कार्डाचे आकर्षण वेगळे. थकीत रकमेवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांहून जास्त, पण दुकानात कार्ड घासताना ते दिसत नाही. महिलांच्या बचत गटांच्या नावाखाली दारात येणारी लघुकर्जेही ईदच्या आधी घेतली जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. पण १५,००० रुपये कमावणाऱ्या घराचे नियमात राहूनही ७,५०० रुपये हप्त्यांत गेले, तर उरलेल्या साडेसात हजारांत भाडे, वीज, दवाखाना आणि शाळा कशी बसवायची?

इथे एक मोठी विसंगती आहे. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध आहे, हे ज्या घरात लहान मुलालाही माहीत असते, त्याच घरात रमजानची सांगता व्याजाच्या पैशाने होते. कर्ज ही गोष्टच धर्माने हलकी मानलेली नाही. प्रेषितांसमोर जनाजा आणला गेला की ते मृताच्या डोक्यावर कर्ज आहे का, असे विचारत. एका प्रसंगी कर्ज आहे असे कळल्यावर त्यांनी स्वतः नमाज पढवली नाही. हजरत अबू कतादा यांनी ते कर्ज फेडण्याची जबाबदारी घेतल्यावरच पढवली. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यांत कर्जात बुडालेल्यांचाही समावेश आहे, इतके कर्जाचे दुःख मान्य केलेले आहे. हज हा इस्लामचा एक स्तंभ, पण ज्याची ऐपत नाही त्याच्यावर तोही फर्ज नाही. मग सोफ्याच्या कव्हरांसाठी आणि परातीसाठी कर्ज काढणे कोणत्या हिशेबात बसते?

बचतीचा विचार करताना चंद्राचा हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ मध्ये ती २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला साजरी झाली. २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा असे दोन रमजान सुरू होतील. पगार मात्र इंग्रजी महिन्याने येतो. ३३ इंग्रजी वर्षांत साधारण ३४ चांद्रवर्षे बसतात. म्हणजे ३३ वर्षांच्या नोकरीत माणसाला ३४ ईदांचा खर्च करावा लागतो. शिवाय ईद-उल-फित्रनंतर सुमारे ७० दिवसांनी बकरी ईद येते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती आणि त्याच महिन्याच्या मध्यावर शाळा उघडल्या. दोन ईदा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, गणवेशाचा खर्च अडीच महिन्यांत एकापाठोपाठ एक येतो. हे दरवर्षी अचानक घडत नाही. तारीख कॅलेंडरात छापलेली असते, फार तर एका दिवसाचा फरक पडतो.

म्हणून ईदची बचत ईद संपल्यावर सुरू झाली पाहिजे. शव्वालच्या पहिल्या आठवड्यापासून शाबानच्या मध्यापर्यंत सुमारे ४४ आठवडे मिळतात. आठवड्याला ३०० रुपये बाजूला पडले तर १३,२०० होतात, ५०० पडले तर २२,०००. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर जिथे पगार आठवड्याच्या हिशेबाने हाती पडतो, तिथे बचतही आठवड्याचीच असावी. महिन्याने बाजूला टाकू म्हटले तर ते टिकत नाही. ज्यांना दिवाळीला बोनस मिळतो, त्यांनी त्यातला निम्मा भाग रमजानसाठी म्हणून वेगळा ठेवावा. भिशी ही महाराष्ट्रातल्या बायकांची जुनी आणि कामाची पद्धत आहे. भिशीचा आपला नंबर शाबानमध्ये लागेल असे आधीच ठरवून घेता येते. मात्र भिशी ओळखीच्या माणसांतच, लहान रकमेची आणि लेखी हिशेबाची असावी. चालक पैसे घेऊन पळाला तर हाती काही उरत नाही. ज्यांना ती जोखीम नको त्यांनी बँकेत वेगळे खाते ठेवावे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेतल्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही. खात्यावर व्याज नको असेल त्यांनी ते वेगळे काढून टाकावे, पण पैसे घरातल्या डब्यात ठेवून रोज मोहाला सामोरे जाऊ नये.

खरेदीची वेळही पैसा वाचवते. कपडा शाबानमध्ये घेऊन तेव्हाच शिवायला टाकला, तर शिंप्यालाही सवड असते आणि भावही नेहमीचा पडतो. रमजान निम्मा झाल्यावर अनेक शिंपी नवे काम घेतच नाहीत आणि मग तयार कपडे मिळतील त्या भावाने घ्यावे लागतात. मुलांच्या चपला-बूट असे घ्यावेत की जे पुढे शाळेलाही चालतील. शेवटच्या दहा रात्री बाजारात गर्दी सर्वांत जास्त असते आणि भाव सर्वांत चढे. शब-ए-कद्र याच रात्रींत शोधायची असते. ज्या रात्री इबादतीच्या, त्याच रात्री घर बाजारात उभे असते. खरेदी लवकर उरकली तर पैसेही वाचतात आणि त्या रात्रीही हाती राहतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. ही काटकसर दुसऱ्याच्या हक्काच्या पैशातून होता कामा नये. धुणीभांडी करणारी बाई, दुकानातला पोऱ्या, गॅरेजमधला कारागीर यांचा पगार ईदच्या आठ दिवस आधी हातात पडला, तर त्यांनाही स्वस्तात खरेदी करता येते. रस्त्यावर टोप्या, अत्तर, बांगड्या विकणाऱ्यांची वर्षाची कमाई या महिन्यात होते; मॉलमध्ये मुकाट्याने बिल भरणाऱ्याने त्यांच्याकडे दहा रुपयांसाठी घासाघीस करणे शोभत नाही. जकात कमी करून केलेली बचत ही बचतच नव्हे. उलट जकातीची वेळ थोडी बदलली तर तिचा उपयोग वाढेल. जकात रमजानमध्येच द्यावी असा नियम नाही. वर्ष पूर्ण झाले की ती देय होते आणि ती आगाऊही देता येते. बहुतेक जकात रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत वाटली जाते, म्हणजे विधवेच्या हातात पैसे पडतात तेव्हा बाजार सर्वांत महाग झालेला असतो. तीच रक्कम शाबानमध्ये मिळाली तर तिचा महिनाभराचा किराणा होतो, मुलाचा कपडा वेळेत शिवून होतो आणि तिला उसने मागायला कोणाच्या दारात जावे लागत नाही.

मशिदीच्या विश्वस्तांना आणि जमातींनाही इथे काम आहे. निकाह साधेपणाने करा, अशा मोहिमा अनेक ठिकाणी चालतात. त्यांत पहिल्या ईदेची परात आणि रोजाकुशाईचा हॉल यांचाही विषय यायला हवा. शाबानच्या एखाद्या जुम्याच्या बयानात इमामांनी फितऱ्याची रक्कम सांगताना एवढे जोडले की ऐपत असणाऱ्यावर ईदचा ठरलेला खर्च एवढाच, बाकी ज्याच्या त्याच्या ऐपतीचा, तरी पुष्कळांचा जीव हलका होईल. ज्या गावांत बैतुलमाल चालते, तिथे ईदच्या आधी बिनव्याजी कर्जाची छोटी तरतूद ठेवता येईल, म्हणजे खरोखर अडलेल्या माणसाला सावकाराकडे जावे लागणार नाही. आणि ज्यांना मोहल्ल्यात मान आहे, ज्यांच्याकडे पाहून इतर घरे चालतात, त्यांनी एखादी ईद साधी केली तर तिचा परिणाम दहा बयानांपेक्षा जास्त होईल. गरिबाने साधी ईद केली की लोक त्याला गरीब म्हणतात. श्रीमंताने केली की तीच पद्धत होते.

ईदच्या दिवशी सगळीच घरे सजलेली असतात. तेव्हा कोणाचे काय चालले आहे हे कळत नाही. ते कळते शव्वालच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दारावर वसुलीवाला येतो की नाही यावरून. रमजान महिनाभर माणसाला शिकवतो की समोर पाणी असूनही थांबता येते. ती ताकद संध्याकाळी दस्तरखानावर आणि रात्री बाजारातही वापरली, तर ईदची खुशी ईदनंतरही टिकेल. या ईदचा शीरखुर्मा संपला की दुसऱ्याच आठवड्यात पुढच्या ईदचे पहिले ३०० रुपये बाजूला पडावेत. बारा चंद्रांनंतर त्या घरात कोणाला कोणाकडे हात पसरावा लागणार नाही.